सोलापूरच्या वस्तीत आरोग्याचा निरोप पोचवायचा कसा? नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यूचं (समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं) फील्डवर्क असो, नर्सिंगचं शेवटचं वर्ष असो, आशा म्हणून नवी नेमणूक असो की एखाद्या संस्थेतली आरोग्यमित्राची नोकरी, सुरुवात बहुधा सारखीच होते. हातात पत्रकांचा गठ्ठा येतो आणि ‘वस्तीत जनजागृती करून या’ असं सांगितलं जातं. कुणाशी बोलायचं, नेमकं काय बोलायचं, हे सांगायला कुणाला वेळ नसतो. अभ्यासक्रमात आरोग्य संवादाचे सिद्धांत पाठ करून घेतात, पण त्यांचा विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या पाण्याच्या बॅरलशी काय संबंध, ते तिथंही कळत नाही. या दोन्हींच्या मधे अडकलेल्यांसाठी हे लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. लोकांना माहिती नसते म्हणून ते वागत नाहीत, हा समज घेऊन वस्तीत जाऊ नका. बहुतेक घरांत माहिती पोचलेली असते, आडवं दुसरंच काहीतरी येत असतं. ते काय आहे हे शोधायला सिद्धांत उपयोगी पडतात, आणि ते सापडल्यावर निरोप तयार करणं फारसं अवघड राहत नाही.

१. आधी कागदपत्रं आणि पिशवी

हे कंटाळवाणं आहे, पण यातलं काही राहिलं तर काम मधेच थांबतं.

- तुमच्या संस्थेचं किंवा महाविद्यालयाचं पत्र. त्यात विषय, भाग आणि कालावधी स्पष्ट हवा.
- त्या भागातल्या नागरी आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी. ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामपंचायत.
- फोटो असलेलं ओळखपत्र, गळ्यात दिसेल असं.
- फोटो किंवा आवाज रेकॉर्ड करणार असाल तर संमतीपत्र, मराठीत, मोठ्या अक्षरात. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती.
- मिळालेली माहिती प्रबंधात किंवा संशोधनात वापरणार असाल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी. ही काम सुरू करण्याआधी घ्यावी लागते, नंतर मिळत नाही.

पिशवीत जाड पुठ्ठ्याची नोंदवही, बॅटरी, एक पांढरी वाटी, ओआरएसची दोन पाकिटं आणि एक लिटरची रिकामी बाटली ठेवा. वाटी आणि बाटली कशाला, ते पुढे येईल. गोळ्या-औषधं मात्र ठेवू नका. एकदा तुम्ही कुणाला डोकेदुखीची गोळी दिलीत की वस्तीत तुम्ही ‘गोळ्या देणारे’ होता, आणि मग तुमचं बोलणं ऐकायला कुणी थांबत नाही.

परवानगी घेताना आशाताई आणि त्या भागाच्या सिस्टरना भेटा. वस्तीतली घरं त्यांना तोंडपाठ असतात. त्यांना डावलून कुणी थेट वस्तीत शिरलं तर त्यांना ते लागतं, आणि ते लागणं योग्यच आहे.

२. पहिल्या काही भेटींत फक्त ऐका

पत्रकं घरी ठेवून जा. कोण कधी मोकळं असतं, हे आधी समजून घ्या. यंत्रमागावर रात्रपाळी केलेला माणूस सकाळी झोपलेला असतो, दार वाजवलंत तर पहिल्याच दिवशी नाराजी ओढवून घ्याल. विडी वळणाऱ्या बायका सकाळी तयार विड्या कारखान्यात जमा करायला आणि नवी पानं-तंबाखू आणायला जातात. दुपारी त्या घरात असतात, पण हात थांबत नाही. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली पानं, चिमटीत तंबाखू, आणि दोऱ्याचा वेढा इतका झटपट पडतो की नजर चुकते. मजुरी हजार विड्यांमागे असते. म्हणून ‘मावशी, जरा पाच मिनिटं काम बाजूला ठेवा’ असं म्हणणं म्हणजे तिची मजुरी मागणं आहे. बाजूला बसा आणि तिचे हात चालू असताना बोला. विड्या वळताना बायका छान गप्पा मारतात.

भाषेचंही लक्षात घ्या. शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली या विणकर समाजाच्या घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, आणि कितीतरी मोहल्ल्यांत दखनी. अनेकांचं शिक्षण मराठीत झालेलं असतं, तर वयस्कर अक्कांना कुठलीच लिपी वाचता येत नाही असंही असतं. तेव्हा छापील मजकूर मराठीत चालेल, पण बोलणारं माणूस घरच्या भाषेतलं हवं.

ऐकताना तीन प्रश्न पुरतात. ‘हे सांगितलेलं आधी कुणी करून बघितलंय का?’, ‘करायला गेलं तर अडचण काय येते?’ आणि ‘पोराला रात्री ताप आला तर कुणाचं दार वाजवता?’ तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जपून लिहून ठेवा.

३. एक आजार नको, एक कृती निवडा

‘डेंगूबद्दल जागृती’ हा विषय झाला, ते काम नव्हे. ‘बॅरल आतून घासणं’ हे काम आहे. ‘क्षयरोग निर्मूलन’ ही घोषणा आहे. ‘दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घेणं’ हे काम आहे. कोण, काय, कधी करणार हे एका वाक्यात लिहिता आलं नाही तर पुढच्या पायरीवर जाऊ नका. एका भेटीत एकच कृती सांगा. डेंगू, हात धुणं, लोहाच्या गोळ्या आणि आयुष्मान कार्ड एकाच बैठकीत उरकणारी माणसं मी पाहिली आहेत. बायका मान डोलावतात आणि उठून जातात.

४. अडथळा शोधा: हेल्थ बिलीफ मॉडेल

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

१९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेपुढे एक कोडं होतं. क्षयरोग लवकर सापडावा म्हणून छातीचा एक्स-रे फुकट काढून मिळत होता, त्यासाठी गाड्या घराजवळ येत होत्या, तरी लोक येत नव्हते. गॉडफ्री हॉकबॉम या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने आलेल्या आणि न आलेल्या लोकांना त्यांच्या समजुती विचारल्या. ‘लक्षणं नसतानाही मला हा रोग असू शकतो’ आणि ‘लवकर कळलं तर माझा फायदा आहे’ या दोन्ही गोष्टी ज्यांना पटल्या होत्या, त्यांच्यातल्या पाचांपैकी चौघांनी आपणहून एक्स-रे काढला होता. दोन्ही न पटलेल्यांत पाचांपैकी चौघांनी काढला नव्हता. त्यातून हे मॉडेल उभं राहिलं. त्यात सहा प्रश्न आहेत: मला हे होऊ शकतं का, झालं तर किती वाईट, सांगितलेल्या उपायाचा उपयोग काय, तो करायला अडचण काय, आत्ताच करायला निमित्त काय, आणि मला ते जमेल का. शेवटचा प्रश्न १९८८ मध्ये जोडला गेला.

आता हे सोलापूरच्या डेंगूला लावून पाहू. ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, पाण्याची सगळी भांडी रिकामी करा’ हा सरकारी निरोप सगळ्यांना पाठ आहे. शास्त्र म्हणून तो बरोबरही आहे. डेंगू पसरवणाऱ्या एडिस डासाचं अंड्यापासून डासापर्यंतचं चक्र आपल्या उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत पुरं होतं, म्हणून ते आठवड्याच्या आत तोडायचं.

पण सोलापुरात वर्षानुवर्षं नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी आलेलं आहे. बॅरल, हौद, टाकी, घागरी, मिळेल त्या भांड्यात पाणी भरून ठेवल्याशिवाय घर चालत नाही. अशा बाईला ‘बॅरल ओतून द्या’ म्हटलं तर ती तुमच्याकडे पाहील आणि काही बोलणार नाही. तिचं गप्प बसणं म्हणजे अज्ञान समजू नका, तो तिचा हिशोब आहे. मॉडेलच्या भाषेत तिच्यापुढची अडचण फायद्यापेक्षा मोठी आहे, आणि अशा वेळी फायदा आणखी मोठ्या आवाजात सांगून उपयोग नसतो. अडचण लहान करावी लागते.

ती अशी करता येते. पाणी येण्याच्या दिवशी बॅरल आपोआप तळाला गेलेला असतो. उरलेलं पाणी घागरीत काढून घ्या, नळ येण्याआधी बॅरलची आतली भिंत काथ्याने किंवा ब्रशने घासून काढा, ते घासलेलं पाणी बाहेर कोरड्या जमिनीवर ओता आणि मग भरा. भरल्यावर तोंडाला जुन्या सुती साडीची दुहेरी घडी दोरीने घट्ट बांधा. घासणं महत्त्वाचं अशासाठी की एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटवते. ती कोरडी झाली तरी महिनोन् महिने जगतात आणि पाणी चढलं की फुटतात. नुसतं ओतून भरलं तर अंडी जागच्या जागी राहतात. ही एवढी गोष्ट पत्रकांवर क्वचित सापडते.

यात निमित्तही आयतं मिळतं. सोलापुरात नळ येण्याचा दिवस कुणी विसरत नाही. कॅलेंडरवरचा ‘कोरडा दिवस’ लक्षात ठेवायला लावण्यापेक्षा घासण्याची सवय नळाच्या वेळेला जोडून दिली की वेगळी आठवण करून द्यावी लागत नाही. जिथं टाकी कधीच रिकामी होत नाही तिथं अळ्या खाणारे गप्पी मासे किंवा महापालिकेचे कर्मचारी टाकतात ते अळीनाशक, हा मार्ग आहे.

‘मला होऊ शकतं का’ या प्रश्नासाठी पांढरी वाटी काढा. डेंगू गटारातल्या घाण पाण्याने होतो, असा समज घट्ट असतो, त्यामुळे स्वच्छ पाणी झाकायचं कशाला, असं वाटतं. घरातल्याच बॅरलवर बॅटरीचा झोत टाका. अळ्या असतील तर उजेड आणि सावली हलताच त्या वळवळत खाली बुडी मारतात. जरा थांबा, श्वास घ्यायला त्या पुन्हा वर येतात. तेव्हा पांढऱ्या वाटीत पाणी घ्या आणि वाटी घरच्या बाईच्या हातात द्या. तुम्ही काहीही बोलू नका. ती स्वतः शेजारणीला हाक मारते. डास दिवसा चावतो हे मग सांगा. मात्र अळ्या दिसल्या म्हणून चारचौघांत त्या घराला लाजवू नका, नाहीतर पुढच्या वेळी दार उघडणार नाही.

५. माणूस कुठल्या पायरीवर आहे ते ओळखा

जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटी यांनी सिगारेट सोडणाऱ्यांचा अभ्यास करून १९८३ मध्ये बदलाच्या पायऱ्या मांडल्या. आज त्या अशा सांगतात: विचारच नाही, विचार चालू आहे, तयारी आहे, कृती केली, टिकवून ठेवली. मिश्री लावणाऱ्या मावशींशी बोलताना याचा फार उपयोग होतो. जिच्या डोक्यात सोडायचा विचारही नाही तिला सोडायच्या युक्त्या सांगणं वाया जातं. तिला तिच्याच हिरड्यांबद्दल एक प्रश्न विचारा आणि निघा. जी ‘सोडायचीय गं, पण सकाळी पोट साफ होत नाही’ म्हणते तिच्याशी त्या सकाळबद्दल बोला. जिने सोडली आणि लग्नघरात पुन्हा लावली, तिला पहिल्यापासून सुरुवात करायला लावू नका; माघार येणं हा त्या वाटेचाच भाग आहे. तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-११-२३५६ फुकट आहे.

६. भीती वापरायची असेल तर सोबत वाट दाखवा

नव्या कार्यकर्त्यांचा सगळ्यात आवडता सापळा म्हणजे सडलेल्या जबड्याचा फोटो. किम विट यांनी १९९२ मध्ये मांडलेला सिद्धांत सांगतो की धोका मोठा वाटला आणि उपायही हातातला वाटला तर माणूस धोक्याला तोंड देतो. धोका मोठा आणि हातात काहीच नाही असं वाटलं तर तो धोक्याऐवजी स्वतःच्या भीतीला आवर घालतो. म्हणजे नजर वळवतो, ‘आमच्या आजोबांना काही झालं नाही’ म्हणतो, सांगणाऱ्यावर चिडतो.

विडी कामगारांच्या वस्तीत याला आणखी एक पदर आहे. तंबाखू विष आहे असं तुम्ही म्हणता तेव्हा त्या बाईच्या सुपातली रोजी तुम्ही विष ठरवता. पाकिटावरचा इशारा तिने कित्येकदा पाहिलेला आहे. तिला आज करता येईल असं सांगा: दार-खिडकी उघडी ठेवून बसणं, नाकावर पदर किंवा रुमाल बांधणं, भाकरी थापण्याआधी आणि लेकराला घेण्याआधी साबणाने हात धुणं, तान्हं बाळ सुपापासून लांब निजवणं. हे ऐकताना तिची मान खाली जात नाही, म्हणून ते ऐकलं जातं.

क्षयरोगाबाबत तर भीती उलटतेच, कारण लोक आजारापेक्षा ‘कळलं तर’ याला भितात. तिथं आशेच्या आणि उपयोगाच्या गोष्टी आधी सांगा. तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रात मोफत, साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा, नीट औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच संसर्ग पसरण्याचा धोका खूप कमी होतो, आणि पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून दरमहा १,००० रुपये, जे नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते. त्यासाठी रुग्णाचं आधार आणि बँक पासबुक लागतं. आणि एक गोष्ट गोळ्या सुरू होण्याआधीच सांगा: क्षयरोगाच्या औषधांतल्या रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी-लाल होते. हे आधी माहीत नसलेला माणूस रक्त जातंय समजून घाबरतो आणि गोळ्या बंद करतो. अर्धवट सोडलेल्या औषधातून औषधांना न जुमानणारा क्षयरोग तयार होऊ शकतो.

७. निरोप कुणाच्या तोंडून जाणार?

आता पहिल्या भेटींत जपून लिहून ठेवलेलं तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काढा. आयोवातले शेतकरी संकरित मका कसा स्वीकारत गेले, याचा अभ्यास १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. बियाण्याची खबर बहुतेकांना विक्रेत्यांकडून लागली होती, पण पेरायचं ठरवताना वजन पडलं ते शेजारच्या शेतकऱ्याच्या अनुभवाचं. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये अशा अभ्यासांतून नव्या गोष्टीच्या प्रसाराचा सिद्धांत मांडला. तुम्ही, तुमचं पत्रक, भिंतीवरचं पोस्टर हे सगळे त्या विक्रेत्याच्या जागी आहात.

रात्री ताप आल्यावर जिचं दार वाजतं ती बाई शोधा. ती बचत गटाची अध्यक्षा असेल असं नाही, कधी ती कोपऱ्यावरची किराणा दुकानवाली असते, कधी चार लेकरं वाढवलेली अक्का. महिला आरोग्य समिती असेल तर तिथून सुरुवात करा. मोहल्ल्यात मौलाना, पद्मशाली गल्लीत समाजाची वडीलधारी मंडळी, यांचा शब्द चालतो. त्यांना व्यासपीठावर बोलावण्याआधी घरी जाऊन भेटा. निवडणुका जवळ असतील तर पक्षाशी जोडलेला चेहरा टाळा, नाहीतर अर्धी गल्ली बैठकीला येणार नाही. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा आणि गड्ड्याची जत्रा भरते तेव्हा बैठका ठेवूच नका.

८. छापण्याआधी परत सांगून घ्या

‘समजलं का?’ हा प्रश्न कायमचा सोडून द्या. त्याचं उत्तर ‘हो’ असंच येतं. त्याऐवजी विचारा, ‘घरी गेल्यावर सासूबाईंना कसं सांगाल?’ किंवा ‘मला करून दाखवा.’ आरोग्य संवादात याला टीच-बॅक म्हणतात, आणि यात परीक्षा ऐकणाऱ्याची नसून सांगणाऱ्याची असते.

ओआरएसवर करून बघा. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं असतं. परत सांगायला लावलं की ग्लासभर पाण्यात अर्धं पाकीट, उरलेलं उद्याला, असं ऐकू येतं. असं घट्ट पाणी जुलाब लागलेल्या बाळाला घातक ठरू शकतं. ग्लासभर पाण्यासाठीची लहान पाकिटंही मिळतात, त्यामुळे पाकिटावरचं माप आधी वाचायला शिकवा. पिशवीतली बाटली इथं लागते. ‘एक लिटर’ हा शब्द हवेत राहतो, बाटली समोर ठेवली की माप दिसतं. केलेलं पाणी २४ तासांनंतर टाकून द्यायचं.

पत्रकाचा कच्चा मजकूर वस्तीतल्या पाच-सहा जणींकडून असा परत वदवून घ्या आणि मगच छापखान्यात द्या. जिथं त्या अडखळतात तिथलं वाक्य बदला. ‘प्रतिबंधात्मक उपाययोजना’ असली भाषा पहिल्याच फेरीत गळून पडते.

९. अफवा आली तर

मोबाईलवर फिरणारा खोटा निरोप सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवू नका. ज्यांनी ऐकला नव्हता त्यांनाही तो पाठ होतो. खरं काय ते आधी सांगा, मग ‘याउलट काही फिरतंय, ते चुकीचं आहे’ एवढं म्हणा, कारण सांगा, आणि खरं पुन्हा सांगून थांबा. ज्याने तो पुढे पाठवला त्याच्याशी एकट्याने बोला. बहुतेकदा त्याने काळजीपोटीच पाठवलेला असतो.

१०. नोंदवहीत काय लिहायचं

‘उपस्थिती ४०’ या नोंदीतून काही कळत नाही. बॅरलचं काम असेल तर किती घरं पाहिली, किती भांड्यांत अळ्या होत्या, किती बॅरल झाकलेले होते, आणि पुढच्या भेटीत तेच आकडे. जिथं बदल झाला नाही तिथं ‘अडचण’ असा एक रकाना ठेवा आणि बाईच्या शब्दांत लिहा: ‘नळ रात्री दोनला येतो, घासणार कधी’, ‘झाकण नेलं कुणीतरी’. पुढचा निरोप याच रकान्यातून तयार होतो. पाण्याची वेळ किंवा फुटलेली गटार अशा अडचणी निरोपाने सुटत नाहीत. त्या वेगळ्या कागदावर काढून, घरांची संख्या लिहून, आरोग्य केंद्राला आणि विभागीय कार्यालयाला द्या आणि पोच घ्या.

क्षयरोग, एचआयव्ही किंवा मानसिक आजार असलेल्या कुणाचंही नाव या वहीत नको. एचआयव्हीबाबत तर २०१७ च्या कायद्यानेच गोपनीयता बंधनकारक केली आहे. वहीच्या शेवटच्या पानावर हे नंबर लिहून ठेवा: रुग्णवाहिका १०८, क्षयरोगासाठी निक्षय संपर्क १८००-११-६६६६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. खाली त्या भागाच्या आशाताई आणि सिस्टर यांचे नंबर, त्यांना विचारून.